जिंकलात, म्हणून वर जा: अ‍ॅलिक्विपाच्या शाळकरी फुटबॉल संघाचं प्रकरण

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या शालेय अमेरिकन फुटबॉल स्पर्धेत 4-ए गटाचा अंतिम सामना अ‍ॅलिक्विपा हायस्कूलनं 60-14 असा जिंकला. समोर डॅलस हायस्कूल होतं. हे डॅलस टेक्सासमधलं नव्हे, पेनसिल्व्हेनियाच्याच ईशान्येकडचं गाव. विजयाचा गुलाल अजून अंगावर असतानाच राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेनं, म्हणजे पीआयएएनं, अ‍ॅलिक्विपाला कळवलं, की पुढची दोन वर्षं तुम्ही 5-ए गटात खेळायचं. शाळेनं अपील केलं, ते फेटाळलं गेलं. मग शाळा कोर्टात गेली, आणि 2024 मध्ये बीव्हर काउंटीच्या न्यायालयानं शाळेच्या बाजूनं मनाई हुकूम दिला. संघ 4-ए मध्येच राहिला.

इतकं वाचून वाटेल, की जिंकणाऱ्या संघानं वरच्या गटात जायला का कुरकुरावं? पण गट ज्या विद्यार्थिसंख्येवरून ठरतात, ती पाहिली तर अ‍ॅलिक्विपाची जागा 1-ए मध्ये आहे, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात छोट्या शाळांच्या गटात. 4-ए मध्ये ती तीन पायऱ्या वर खेळत होती. चौथी पायरी तिच्यावर लादली जात होती. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी, की यात दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं मांडायला जागा आहे आणि तरीही एक बाजू चुकली आहे असं मी ठामपणे म्हणू शकतो.

गाव

अ‍ॅलिक्विपा पिट्सबर्गच्या वायव्येला, ओहायो नदीच्या काठावर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोन्स अँड लॉफलिन या पोलाद कंपनीनं इथं जमीन घेतली, नदीकाठानं मैलोन्‌मैल कारखाना उभा केला आणि कामगारांसाठी घरं बांधली. टेकड्यांवरच्या या वस्त्यांना नावं नव्हती, आकडे होते: प्लॅन 1, प्लॅन 2, असं करत प्लॅन 12 पर्यंत. कोण कुठं राहणार हे कंपनी ठरवायची. प्लॅन 6 साहेबांचा. प्लॅन 11 मध्ये इटालियन आणि कृष्णवर्णीय. सर्ब, क्रोएशियन, युक्रेनियन, ग्रीक, ज्याची त्याची वस्ती वेगळी. कंपनीचा गावावरचा वचक इतका होता, की कामगार चळवळीतले लोक या गावाला ‘छोटा सायबेरिया’ म्हणत.

याच गावातून अमेरिकेच्या कामगार कायद्याचा पाया घालणारा खटला उभा राहिला. संघटना बांधणाऱ्या कामगारांना जोन्स अँड लॉफलिननं काढून टाकलं. 1935 च्या कायद्यानं नेमलेल्या कामगार मंडळानं त्यांना परत घ्यायला सांगितलं. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि 12 एप्रिल 1937 रोजी 5 विरुद्ध 4 अशा मतांनी हरली. संघटना करण्याचा हक्क देणारा तो कायदा त्या निकालानं टिकला.

1930 च्या दशकात गावची वस्ती 27,000 च्या आसपास होती. 1980 च्या दशकात पोलाद उद्योग कोसळला. तोवर कारखाना एलटीव्ही या कंपनीकडे गेला होता. हजारो माणसं एकामागून एक घरी बसली आणि 1986 मध्ये एलटीव्हीनं दिवाळखोरी जाहीर केली. 2020 च्या जनगणनेत गावात सुमारे 9,200 माणसं उरली होती. ज्यांना जमलं ते गेले. मुख्य रस्त्यावरची दुकानं बंद झाली. शाळेचा पट घटत गेला.

फुटबॉल मात्र उरलं. नुसतं उरलं नाही, वाढलं. माइक डिटका याच शाळेचा. वडील कारखान्याच्या रेल्वेवर कामाला होते. पोरगा पुढं शिकागो बेअर्सचा खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून गाजला. टाय लॉ याच शाळेचा, न्यू इंग्लंड पेट्रियट्सबरोबर तीन वेळा सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकलेला. डॅरेल रिव्हिस याच शाळेचा. त्याचा मामा शॉन गिल्बर्टही याच शाळेतून व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला होता. डिटका 1988 मध्ये, लॉ 2019 मध्ये आणि रिव्हिस 2023 मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले. एकाच सरकारी शाळेतून तिघे. चौथा टोनी डॉर्सेट. तोही इथल्याच टेकड्यांवर वाढला, पण खेळला शेजारच्या होपवेल हायस्कूलकडून.

शाळेचं मैदान, कार्ल अ‍ॅशमन स्टेडियम, टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत आहे. गावात त्याला ‘द पिट’ म्हणतात, खड्डा. पश्चिम पेनसिल्व्हेनियाच्या विभागीय स्पर्धेत, म्हणजे डब्ल्यूपीआयएएलमध्ये, सर्वाधिक फुटबॉल विजेतेपदं या शाळेच्या नावावर आहेत. आकडा वीसच्या घरात आहे. राज्य विजेतेपदं 1991, 2003, 2018, 2021 आणि 2023 ची. 2003 च्या अंतिम सामन्यात नॉर्दर्न लीहायविरुद्ध 32-27 असा विजय मिळाला, त्यात एकट्या रिव्हिसनं 5 टचडाउन केले होते, म्हणजे पाच वेळा चेंडू समोरच्याच्या टोकाच्या रेषेपार नेला होता.

गट कसे पडतात

1988 मध्ये पेनसिल्व्हेनियात शालेय फुटबॉलची राज्य अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तेव्हा चार गट होते. 2016 पासून सहा झाले: 1-ए सगळ्यात छोट्या शाळांचा, 6-ए सगळ्यात मोठ्या शाळांचा. दर दोन वर्षांनी शाळांकडून मुलांची संख्या मागवली जाते आणि त्यावरून गट ठरतात. मुलींचे खेळ असतील तर मुलींची संख्या. स्वतःहून वरच्या गटात खेळायची मुभा शाळांना असते, आणि अ‍ॅलिक्विपानं ती वापरली होती. 1-ए मध्ये बसत असूनही संघ 3-ए मध्ये खेळत होता. 2018 चं राज्य विजेतेपद त्यांनी 3-ए मध्येच मिळवलं.

ही गोष्ट पुढच्या वादात विसरली जाते. दुबळ्यांना शोधून त्यांच्यावर ताव मारायचा असता, तर हा संघ खालच्या गटातच राहिला असता.

2018 हेच वर्ष नियम बदलण्याचं ठरलं. त्यामागचं भांडण अ‍ॅलिक्विपाशी नव्हतंच, ते खासगी शाळांशी होतं. सरकारी शाळेला ठरलेली हद्द असते: त्या हद्दीत राहणारी मुलं त्या शाळेत. खासगी आणि कॅथलिक शाळांना अशी हद्द नसते. त्या कुठूनही मुलं घेऊ शकतात. वर्षानुवर्षं राज्य विजेतेपदं अशा शाळांकडे जात राहिली, तशी सरकारी शाळांतली नाराजी वाढत गेली. 2018 च्या उन्हाळ्यात बऱ्याच शाळांचे अधिकारी स्टेट कॉलेज या गावी जमले आणि दोन्ही प्रकारच्या शाळांच्या बाद फेऱ्या वेगळ्या करा, अशी मागणी पुढं आली. पीआयएएनं बोट दाखवलं कायद्याकडे. 1972 च्या एका कायद्यानं खासगी शाळांना संघटनेत प्रवेश दिलेला आहे, त्यामुळे त्यांना वेगळं काढणं आमच्या हातात नाही, असं तिचं म्हणणं.

मग मधला मार्ग म्हणून ‘स्पर्धा सूत्र’ आलं. ते असं: दोन वर्षांच्या काळात संघ राज्याच्या बाद फेरीत किती पुढं गेला, यावर गुण. अंतिम फेरीला 4, उपांत्य फेरीला 3, त्याखाली 2 आणि 1. दोन वर्षांत 6 गुण झाले, आणि त्याच काळात दुसऱ्या शाळेतून बदली होऊन आलेले 3 किंवा जास्त खेळाडू संघात असले, तर संघ एक गट वर. दोन्ही अटी पूर्ण व्हायला हव्यात. कल्पना अशी, की जो जिंकतोही आहे आणि बाहेरून मुलंही आणतो आहे, तो भरती करत असणार.

कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. हद्द असलेली शाळा आणि नसलेली शाळा असा भेद न करता सगळ्यांना एकच माप.

त्या सूत्रानं 2020 मध्ये अ‍ॅलिक्विपाला 3-ए मधून 4-ए मध्ये टाकलं. संघ तिथं गेला आणि 2021 मध्ये हॅरिसबर्गच्या बिशप मॅकडेविट या कॅथलिक शाळेला 34-27 असं हरवून राज्य जिंकला. 2022 मध्ये पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा मॅकडेविट, या वेळी हार. 2023 मध्ये पुन्हा अंतिम फेरी आणि तो 60-14. दोन वर्षांत दोन अंतिम फेऱ्या, म्हणजे 8 गुण. बदलीचे खेळाडूही भरले. सूत्र पुन्हा लागू झालं.

बाकावर कोण बसलंय

इथं थोडं खेळाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूला 11 जण असतात, पण संघ 11 जणांचा नसतो. चेंडू आपल्याकडे असताना एक तुकडी खेळते, समोरच्याकडे असताना दुसरी. किक मारायची आणि परतवायची वेळ आली की तिसरी. म्हणजे आदर्श स्थितीत किमान 22 वेगळे खेळाडू, आणि प्रत्येकामागे एक राखीव. प्रत्येक डाव काही सेकंदांचा, पण त्या सेकंदांत मधल्या रांगेतली धिप्पाड मुलं एकमेकांवर पूर्ण वजनानिशी आदळतात. दर डावाला. 12 मिनिटांचे चार भाग संपेपर्यंत.

मोठ्या शाळेचा प्रशिक्षक दोन तुकड्या वेगळ्या ठेवतो. आक्रमणाची मुलं खेळून आली की बाकावर बसतात, पाणी पितात, हेल्मेट काढून श्वास घेतात, तोवर बचावाची ताजी मुलं आत जातात. छोट्या शाळेत तसं नसतं. तिथं तोच मुलगा आक्रमणात धडक घेतो आणि चेंडू हातचा गेला की तिथल्या तिथं वळून बचावाला उभा राहतो. त्याला दोन्ही बाजूंनी खेळणं म्हणतात. चौथ्या भागात अशा मुलाकडे पाहिलं की कळतं: कमरेवर हात, पाय जड, खाली वाकण्याची पद्धत बदललेली. थकलेला मुलगा डोकं खाली घालून धडक घेतो, आणि या खेळात मानेला आणि मेंदूला धोका तिथंच असतो.

पट तोकडा असला की आणखी एक गोष्ट होते. पेनसिल्व्हेनियात 2011 मध्ये झालेल्या कायद्यानुसार, मेंदूला मार बसल्याची लक्षणं दिसली तर खेळाडूला लगेच बाहेर काढावं लागतं आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घेता येत नाही. कायदा चांगलाच आहे. पण ज्या संघाकडे सतरा-अठरा वर्षांच्या धिप्पाड मुलाच्या जागी उभं करायला फक्त नववीतला चौदा वर्षांचा पोरगा आहे, तिथं एक जण बाहेर गेला की दुसरा धोक्यात येतो. समोर आकारानं तितकाच मोठा, पण विश्रांती घेऊन आलेला प्रतिस्पर्धी असतो. आपल्याकडे किशोर गटाच्या कबड्डीत वजनाची अट घालतात, ती याच जाणिवेतून. धरपकडीच्या खेळात अंगाचं माप आधी पाहायचं, कौशल्याचं नंतर.

आता 2024 च्या 5-ए मध्ये कोण होतं ते पाहा. पाइन-रिचलंड, पीटर्स टाउनशिप, अप्पर सेंट क्लेअर. पिट्सबर्गच्या भोवतालची सुखवस्तू उपनगरं. यांच्याकडे अ‍ॅलिक्विपाच्या तिपटीहून अधिक मुलं. त्या उपनगरांतली बरीच कुटुंबं तीच आहेत, जी पोलादाची गावं सोडून तिथं गेली. अ‍ॅलिक्विपाचा पट घटला आणि त्यांचा वाढला, तो एकाच इतिहासातून.

शाळेनं कोर्टात मुख्यतः हीच बाजू मांडली: मुलांची सुरक्षितता. आमची मुलं हरतील ही तक्रार नव्हती. 5-ए मध्येही या संघानं सामने जिंकले असते, असं मला वाटतं. तेव्हाचे प्रशिक्षक माइक वॉरफिल्ड याच शाळेचे माजी क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे सूत्रधार. चांगल्या संघाशी खेळायला घाबरणारा हा संघ नव्हे. प्रश्न होता, की दहा-बारा आठवडे सलग, दर शुक्रवारी रात्री, तीच मूठभर मुलं दोन्ही बाजूंनी अशा संघांपुढं उभी करायची का.

समोरच्यांचं म्हणणं

ते हलकं नाही. 60-14 हरलेल्या डॅलसच्या पोराला जाऊन सांगा, की समोरचा संघ छोट्या शाळेचा होता. पेनसिल्व्हेनियात उत्तरार्धात 35 गुणांचं अंतर पडलं की घड्याळ न थांबता चालू ठेवतात, सामना लवकर संपावा म्हणून. राज्याच्या अंतिम सामन्यात असं अंतर पडणं कुणालाच शोभत नाही. 4-ए मधल्या इतर शाळांनी विचारलं, की आम्ही दरवर्षी मान घालून हरायचं आणि त्याला संख्येचा न्याय म्हणायचं का? ज्या संघातून कॉलेजच्या मोठ्या संघांत थेट मुलं जातात, त्याला ‘छोटी शाळा’ म्हणून सोडून द्यायचं का?

आणि पीआयएएची अडचणही खरी होती. नियम सगळ्यांसाठी एक असतो. एका गावाची कहाणी हृदयस्पर्शी आहे म्हणून त्याला सूट दिली, तर उद्या दुसरी शाळा दारात उभी राहणार. सूत्रात ना गावाची गरिबी लिहिलेली होती, ना बाकावरच्या मुलांची संख्या. दोन आकडे होते, आणि अ‍ॅलिक्विपाचे दोन्ही आकडे भरले होते.

माझा आक्षेप त्या दोन आकड्यांनाच आहे.

बदलीचा खेळाडू

पहिला आकडा यशाचा. तो निदान खरं काहीतरी मोजतो. दुसरा बदल्यांचा, आणि तो मला मुळातच चुकीचा वाटतो.

बदली मोजण्यामागचा संशय असा, की चांगला खेळाडू चांगल्या संघाकडे ओढला जातो आणि शाळा त्याला ओढून घेते. हे घडतं, नाकारायचं कारण नाही. पण त्यासाठी पीआयएएकडे वेगळा नियम आहेच: दहावी इयत्ता सुरू झाल्यानंतर शाळा बदलणारा मुलगा त्या खेळात एक वर्ष बाद फेरीसाठी अपात्र ठरतो, सबळ कारण दाखवून सूट मिळवली तरच खेळतो. म्हणजे खेळासाठी उडी मारणाऱ्याला आधीच शिक्षा आहे. सूत्र तीच गोष्ट पुन्हा मोजतं आणि या वेळी शिक्षा सगळ्या संघाला देतं.

शिवाय बदली म्हणजे काय, हे गावागावावर अवलंबून असतं. भाड्याच्या घरातलं कुटुंब वर्षाला घर बदलतं. आई एका गावी, बाप दुसऱ्या. आजीकडे सहा महिने, मग परत. नोकरी गेली की मावशीच्या घरी. गिरणगाव उठल्यावर मुंबईत ज्या घरांची अशी पांगापांग झाली, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. ओहायोच्या खोऱ्यातल्या पोलादाच्या गावांत ही पांगापांग चाळीस वर्षं चालू आहे. अशा गावात तीन मुलं दोन वर्षांत शाळा बदलून येणं ही भरतीची खूण नाही, तो तिथल्या जगण्याचा भाग आहे. उलट स्वतःचं घर असलेल्या उपनगरात एकच कुटुंब बारा वर्षं एका पत्त्यावर राहतं, आणि तिथल्या शाळेच्या खात्यावर बदल्या पडतच नाहीत. सूत्रानं नकळत गरिबीलाच कपटाचा पुरावा मानलं.

खासगी शाळांच्या बाबतीत तर बदल्यांचा आकडा उपयोगाचाच नाही. हद्द नसलेली शाळा आठवीनंतरच मुलं घेते. नववीत प्रवेश घेतलेला मुलगा बदलीचा ठरत नाही, तो त्या शाळेचाच. तीस मैलांवरून रोज येत असला तरी. ज्यांच्यासाठी सूत्र केलं, त्यांना असं सहज निसटता येतं.

सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. या राज्यातला अलीकडच्या काळातला सगळ्यात बलाढ्य संघ फिलाडेल्फियाच्या सेंट जोसेफ्स प्रेपचा. 2016 नंतर 2018, 2019, 2020, 2022, 2023, इतक्या वेळा राज्य विजेता. मुलं दूरदूरहून येतात, थेट दुसऱ्या राज्यातूनही. तो 6-ए मध्ये खेळतो. त्याच्या वर गट नाही. म्हणजे सूत्र त्याला हात लावू शकत नाही. खासगी शाळांच्या वर्चस्वावर उतारा म्हणून आणलेला नियम सर्वांत वरच्या खासगी शाळेला अजिबात लागला नाही आणि 9,200 वस्तीच्या पडझडीच्या गावातल्या सरकारी शाळेला मात्र लागला. हे एक उदाहरणच नियम परत लिहायला पुरेसं आहे.

इतरांनी काय केलं

पेनसिल्व्हेनिया एकटी नाही. हा तिढा अमेरिकेत सगळीकडे आहे आणि प्रत्येक राज्यानं आपापला तोडगा काढला आहे. मिझुरीनं पूर्वी खासगी शाळांच्या विद्यार्थिसंख्येला 1.35 नं गुणायची रीत पाडली होती, इलिनॉयनं 1.65 नं. म्हणजे 1,000 मुलांची शाळा 1,650 ची धरायची. ढोबळ पद्धत, पण हेतू लपवत नाही: ज्यांना हद्द नाही, त्यांच्याकडे जास्त मुलं आहेत असं समजा. टेक्सासच्या सरकारी शाळांच्या संघटनेत खासगी शाळा जवळपास नाहीतच. त्यांची संघटनाच वेगळी.

इंडियानाचं सूत्र पेनसिल्व्हेनियाच्या सर्वांत जवळचं. तिथंही यशाचे गुण, दोन वर्षांचा काळ, 6 गुणांना वरचा गट. पण बदल्यांची अट नाही. जिंकलात तर वर जा, पुढं गुण नाही मिळाले तर खाली या. त्यात कुणाच्या चारित्र्यावर संशय नाही, त्यामुळे मला ते जास्त सरळ वाटतं. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण विभागानं आणखी पुढची पायरी गाठली: तिथं फुटबॉलच्या बाद फेरीचे गट चालू हंगामातल्या कामगिरीवरून पाडतात. विद्यार्थिसंख्या मागं पडते, संघाची ताकद तेवढी पाहिली जाते.

कॅलिफोर्नियाची पद्धत पाहिली की अ‍ॅलिक्विपाच्या बाजूनं बोलणाऱ्यालाही थांबावं लागतं. कारण ताकदीवरच गट पाडायचे ठरवले, तर अ‍ॅलिक्विपा आपोआप वर जाईल. पण दोन्हींत एक फरक आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातला संघ हंगामभर आपल्या नेहमीच्या लीगमध्ये खेळतो आणि बलाढ्यांशी गाठ पडते ती फक्त बाद फेरीत. पेनसिल्व्हेनियात गट बदलला की बहुतेक सगळं वेळापत्रक बदलतं. मोठ्या शाळांशी एकदोनदा भिडणं आणि अख्खा हंगाम भिडणं, यात अंगावर पडणाऱ्या ओझ्याचा फरक फार मोठा आहे.

कोर्टानंतर

न्यायालयानं शाळेला दिलासा दिला, आणि 2024 पासूनच्या दोन हंगामांसाठी संघ 4-ए मध्ये राहिला. गावाला हे नवीन नव्हतं. 1937 मध्ये इथले कामगार आपलं म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायालयात टिकलेलं पाहून आले होते. पण एखाद्या शाळेला आपला फुटबॉल संघ कोणत्या गटात खेळणार हे ठरवायला वकील लावावा लागणं, ही क्रीडा संघटनेच्या कामकाजातली मोठी त्रुटी आहे. शाळेचा तो पैसा हेल्मेटवर आणि फिजिओथेरपिस्टवर खर्च व्हायला हवा होता. ज्या शाळेकडे गावाचा पाठिंबा आणि नामवंत माजी विद्यार्थी नाहीत, ती अशा वेळी मुकाट्यानं वर गेली असती.

माझ्या मते दुरुस्ती अवघड नाही. यशावरून संघ वर ढकलायचा असेल, तर ढकला, पण त्याला वरची मर्यादा घाला: शाळेच्या मुलांच्या संख्येवरून जो गट येतो, त्याच्या वर दोन पायऱ्यांपेक्षा जास्त सक्ती नाही. त्यापलीकडे जायचं की नाही हे शाळेनं ठरवावं, जसं अ‍ॅलिक्विपानं 3-ए चं ठरवलं होतं. बदल्यांची अट काढून टाका आणि संशयित बदल्यांची चौकशी एकेका प्रकरणात करा, त्यासाठी नियम आहेच. आणि गट ठरवताना एक आकडा आणखी मागवा, जो आज कुणी विचारत नाही: मागच्या हंगामात प्रत्येक सामन्याला गणवेश घालून किती मुलं उभी होती, आणि त्यांतली किती दोन्ही बाजूंनी खेळली. हा आकडा मिळवायला काही लागत नाही. प्रत्येक सामन्याची चित्रफीत प्रत्येक प्रशिक्षकाकडे असते, ती पाहून शनिवारी सकाळी कुणीही मोजू शकेल.